मग चालला का तो?

दिवेलागण झाली, शुभंकरोती आणि पाढे म्हणून झाले, की कऱ्हाडच्या आमच्या घरात माजघरातल्या चाळिसाच्या बल्बखाली सतरंजी पडायची. तिच्यावर पाच जण. थोरली चुलत ताई, दादा, मी, शाळेसाठी आमच्याकडे राहिलेला आतेभाऊ आणि सगळ्यांत धाकटा. मध्ये दप्तरं, एक शाईची दौत आणि एकच इंग्रजी-मराठी डिक्शनरी. पलीकडे उंबऱ्याला टेकून आई सुपात काहीतरी निवडत बसलेली. आम्हा पाचही जणांना इंग्रजी वाचायला कुणी शिकवलं असं आज कुणी विचारलं, तर पाचही बोटं त्या उंबऱ्याकडेच जातील. आई मराठी सातवी शिकलेली होती. एबीसीडीतलं एकही अक्षर तिला येत नव्हतं.

आमची पिढी इंग्रजीला भेटली ती पाचवीत. मी १९६७ च्या जूनमध्ये पाचवीत गेले. दहा वर्षांच्या हातांनी चार रेघी वहीत पुन्हा बाराखडीपासून सुरुवात केल्यासारखं वाटायचं. मराठी धडा घडाघडा वाचणारी मुलं ‘धिस इज अ पेन’पाशी बोट ठेवून अडखळायची. त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यामुळे पुढे एका उताऱ्यात ‘ट्रेमर’ शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला कुणी सांगावा लागला नाही. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला भिंत हललेली कळते, तसा तो शब्द पाठीतून कळला.

अण्णांची, म्हणजे वडिलांची, गोष्ट आणखी अवघड होती. ते शाळेत असताना बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं इंग्रजी आठवीपासून ठेवलं होतं. चार वर्षांत एबीसीडीपासून मॅट्रिकपर्यंत पोचायचं. ती चार वर्षं त्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधारानं काढली आणि पाटबंधारे खात्यात कारकून झाले. तिथं इंजिनिअरांची पत्रं इंग्रजीत यायची. एखादं लांबलचक पत्र ते घरी आणत, हातात पेन्सिल घेऊन बसत आणि स्वतःशी म्हणत, ‘कर्ता कुठाय? क्रियापद पकड आधी.’ पेन्सिलीनं कर्त्याखाली एक रेघ, क्रियापदाखाली दोन. आमच्या वह्यांवरही त्यांनी तशाच रेघा मारल्या. त्यांची पद्धत खरी होती, आजही मी अडलं की तसंच करते. पण वाक्य सुटलं तरी उतारा सुटत नाही, हे कळायला एक तार यावी लागली.

ते साल १९६९. धाकटे काका मुंबईत होते आणि त्यांचं पोटाचं ऑपरेशन होणार एवढंच पत्रातून समजलं होतं. दुपारी तार आली तेव्हा घरात आजी, आई आणि नुकताच शाळेतून आलेला दादा. दादा आठवीत. तारेवर सगळी कॅपिटल अक्षरं, शब्द सात-आठच. आजीनं त्याच्यासमोर कागद धरला. दादानं ओळखीचे शब्द शोधले आणि मोठ्यानं म्हणाला, ‘ऑपरेशन... वरी... कम.’ वरी म्हणजे काळजी, कम म्हणजे या. आजीनं भिंतीला पाठ टेकली ती टेकलीच. आईनं चूल विझवली. शेजारच्या काकू आल्या. अण्णांना निरोप धाडला गेला.

अर्ध्या तासानं ताई आली. दहावीतली. तिनं तार हातात घेतली आणि पहिल्या शब्दापासून बोट ठेवून वाचली. मधले दोन शब्द दादाच्या नजरेतून निसटले होते, एक ‘नो’ आणि एक ‘नॉट’. ऑपरेशन नीट झालं होतं, काळजीचं कारण नव्हतं, यायची गरज नव्हती. ताईनं ते तीनदा वाचलं, अण्णांनी आल्यावर चौथ्यांदा. आजीला ते पटायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी ती मुंबईला गेलीच, गरज नाही म्हटलं तरी, कारण लेक तिचा होता.

दादाला कुणी रागावलं नाही. पण तो स्वतःवर फार चिडला होता, आणि त्यानं आम्हाला एक गोष्ट समजावून सांगितली ती मी आयुष्यभर वापरली. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं. ‘यायची गरज नाही.’ आपला कान वाक्याच्या टोकाशी नाहीची वाट बघत थांबलेला असतो. इंग्रजी मात्र नाही आधीच सांगून टाकतं, इतकं आधी आणि इतकं लहान की आपण अजून वाक्यात शिरलेलोही नसतो. मोठे शब्द डिक्शनरीत सापडतात. घात होतो तो नो, नॉट, बट, टिल असल्या दोन-चार अक्षरांच्या शब्दांपाशी, कारण ते आपल्याला येतात असं आपण धरून चालतो.

त्या तारेनंतर आईनं एक नियम केला. रोज एकानं तिला एक इंग्रजी उतारा वाचून दाखवायचा आणि मग त्यात काय झालं ते मराठीत सांगायचं. आम्ही म्हणालो, तुला इंग्रजी येत नाही, तुला काय कळणार? ती म्हणाली, ‘मला गोष्ट कळते की. तुम्ही सांगा.’

पहिल्या दोन-चार दिवसांतच आम्हाला उमगलं की हे परीक्षेपेक्षा कठीण आहे. शाळेत उतारा सोडवायचं एक तंत्र होतं आणि ते आम्ही सगळेच शिकलो होतो. आधी प्रश्न वाचायचा. ‘वेअर डिड द मर्चंट कीप द कास्केट?’ मग उताऱ्यात मर्चंट आणि कास्केट हे दोन शब्द कुठं जवळजवळ आहेत ते शोधायचं, ती ओळ उचलायची, पहिल्या शब्दाऐवजी ‘ही’ घालायचा आणि उत्तर म्हणून लिहायची. पैकीच्या पैकी गुण. मर्चंट म्हणजे कोण, कास्केट हे खायचं की ल्यायचं, याचा पत्ता नसला तरी चाले. गाइडंही हेच शिकवत. मी या तंत्राला नावं ठेवणार नाही, चाळीस मिनिटांत पेपर पुरा करणाऱ्या मुलाला ते तगवून नेतं. पण ते आईपुढं चालत नसे. तिनं विचारलं, ‘कास्केट म्हणजे?’ मी गप्प. ‘मग त्यात काय होतं, ते त्यानं लपवलं का, हे तुला कसं ठाऊक?’ मी पुन्हा उताऱ्याकडं.

एकदा आतेभाऊ एका वाटसरूची गोष्ट वाचत होता. वाटसरू ‘वॉज टू टायर्ड टू वॉक’. त्यानं आत्मविश्वासानं सांगितलं, ‘तो फार दमला होता आणि चालत होता.’

‘फार दमला होता, तर चालला का तो?’ आईनं विचारलं.

‘हो, वॉक लिहिलंय.’

‘मग पुढच्या ओळीत झाडाखाली झोपलेला कसा?’

कुणालाच सांगता येईना. वाक्यात नो नाही, नॉट नाही, तरी माणूस चाललेला नाही, हे कसं? रात्री अण्णांनी उलगडून सांगितलं की टू आणि टू यांच्यामध्ये नकार लपलेला आहे: इतका दमलेला की चालवेना. पण लपलेला नकार सापडला होता आईला, आणि तो व्याकरणातून नव्हे, झाडाखाली झोपलेल्या माणसाकडं बघून. पुढं ‘अनलेस’ आला, ‘हार्डली’ आला. ‘फ्यू’ म्हणजे नसल्यात जमा आणि ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत थोडे, हा एका अक्षराचा फरक आला. प्रत्येक वेळी आईच्या सुपातून एकच प्रश्न यायचा. मग गेला का तो? मग मिळालं का तिला? मग उरले का काही? आमच्या घरात आजही कुणी एखादी गोष्ट अर्धवट सांगितली की कुणीतरी म्हणतं, ‘मग चालला का तो?’ सुनांना, जावयांना या वाक्याचा इतिहास सांगावा लागतो.

डिक्शनरीचंही एक सांगायला हवं. ती अण्णांची, बांधणी सुटलेली, आणि ‘ए’ची सगळी पानं गळून गेलेली. ‘बी’पासून पुढं सगळं शाबूत. त्यामुळं ए-नं सुरू होणारा शब्द आला की तो शोधायची सोयच नव्हती. अबँडन, अॅब्सेंट, अॅक्युझ, अॅडमिट, सगळे आम्ही आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखले. ताई पाटीवर ते वाक्य लिहायची आणि त्या शब्दाच्या जागी रिकामी चौकट काढायची. मग प्रत्येकानं एकेक मराठी शब्द त्या चौकटीत बसवून बघायचा. ‘खलाशांनी बुडतं जहाज... विकलं? धुतलं? सोडलं?’ सोडलं बसतं. मग पुढच्या दोन ओळी वाचायच्या आणि तो शब्द तिथंही टिकतो का बघायचं. टिकला तर वहीत उतरायचा. या शब्दांची आमची वही वेगळी होती. काही वर्षांनी नवी डिक्शनरी आली तेव्हा आम्ही ती वही ताडून पाहिली. बहुतेक शब्द बरोबर निघाले, आणि मला अजून वाटतं, आयुष्यात सगळ्यात पक्के बसलेले इंग्रजी शब्द ते ए-चेच आहेत.

शेजारच्या वकिलांकडे इंग्रजी पेपर यायचा आणि त्यांचा वाचून झाला की आमच्याकडं. बातम्यांत आम्हाला रस नव्हता, शेवटच्या पानात होता. वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिज जिंकून आला होता आणि १९७१ च्या त्या पावसाळ्यात इंग्लंडमध्ये होता. क्रिकेटनं आम्हाला जेवढं इंग्रजी वाचायला लावलं तेवढं कुठल्याही पुस्तकानं लावलं नाही, कारण तिथं काय झालं हे कळल्याशिवाय झोप येत नसे. चंद्रशेखरनं ओव्हलला ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ त आटोपला, त्या बातमीत ‘स्पेल’ हा शब्द होता. आम्हाला स्पेल म्हणजे स्पेलिंगच ठाऊक. चंद्रानं काय स्पेल केलं? आतेभावानं मागची-पुढची ओळ लावून सांगितलं, सलग टाकलेल्या षटकांबद्दल आहे हे. डिक्शनरीत पाहिलं तर जादूटोणा, मंत्र असाही अर्थ. तो दिवसभर खूश होता, कारण त्याच्या मते दोन्ही अर्थ बरोबर होते.

सामना संपला तो २४ ऑगस्टला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. सकाळी घरात गणपती आला आणि रात्री रेडिओवर कळलं, आपण चार गडी राखून जिंकलो, इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच मालिका आपली. पेपर मिळाला तो नंतर, आणि त्यात एक ओळ अशी होती की दादानं ती तीनदा वाचली. ओव्हलच्या मैदानावर हत्ती आला होता.

‘छापायची चूक आहे,’ आतेभाऊ म्हणाला.

दादाला ते पटेना. त्याच्या वाक्प्रचारांच्या यादीत ‘व्हाइट एलिफंट’ होता, पांढरा हत्ती, म्हणजे न परवडणारं लोढणं. त्यानं निकाल दिला की हा अलंकारिक प्रयोग असणार, इंग्लंडच्या एखाद्या महागड्या खेळाडूला उद्देशून. ताईनं विचारलं, ‘मग त्याचं नाव बेला कसं? आणि तो प्राणिसंग्रहालयातून कसा आला?’ चेसिंग्टन झू असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही एवढे शिकलो होतो की सरळ वाक्यावर आमचा विश्वासच बसत नव्हता.

आई आरतीचं ताम्हण पुसत होती. ती म्हणाली, ‘चतुर्थीला हत्ती आला असं त्यानं लिहिलंय ना? मग आला असेल. आपली माणसं असतील तिथं, त्यांनी आणला असेल.’

आणि तसंच होतं. तिथल्या भारतीय प्रेक्षकांनी चतुर्थीचा शकुन म्हणून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणवली होती. हे आता क्रिकेटच्या पुस्तकांतही सापडतं. मी शिक्षिका झाल्यावर वर्गात हा प्रसंग दरवर्षी सांगत असे. उताऱ्यात जे लिहिलंय ते आधी मान्य करा, मग त्याच्यामागं काय आहे ते शोधा. मुलं नेमकं उलट करतात. आधी स्वतःच्या मनातलं उत्तर धरतात आणि मग उताऱ्यातून त्याला पुरावा काढतात.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. आईच्या सुपात तेव्हा रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी असायची, अमेरिकेतून आलेली. तिच्यातले खडे निवडता निवडता तिचे डोळे दुखायचे. मी मॅट्रिकच्या वर्गाच्या उंबरठ्यावर होते, जुनी अकरावीची मॅट्रिक. कुठल्याशा सराव प्रश्नसंचात एक अनसीन पॅसेज होता. लेखकाचं नाव नव्हतं, गोष्ट सांगणारा नुसता ‘आय’ होता. एक काळा मुलगा खूप लांबून, बराचसा पायी, एका शाळेत पोचतो. अंगावर मळके कपडे, आंघोळीला मिळालेलं नाही. मुख्य बाई त्याला आत घ्यायचं की नाही हे काही बोलत नाहीत. तो बघत राहतो, दुसऱ्यांना प्रवेश मिळत असतात. बऱ्याच वेळानं बाई म्हणतात, शेजारची खोली झाडायची आहे, झाडू घे. तो मुलगा ती खोली तीनदा झाडतो आणि चारदा पुसतो. उतारा तिथंच संपला.

प्रश्न होता, बाईंनी त्याला खोली का झाडायला सांगितली? मी उत्तर लिहिलं, ‘बिकॉज द रूम नीडेड स्वीपिंग.’ ओळ उताऱ्यातलीच होती. दादानंही तेच सांगितलं. मी आईला सगळं मराठीत सांगितलं आणि हे उत्तरही.

तिचे हात थांबले. ‘खोली झाडायची होती म्हणून नाही गं,’ ती म्हणाली. ‘तिनं परीक्षा घेतली त्याची. शाळेत जागा हवीय ना याला, मग बघू काम कसं करतो ते. आणि ते त्याला कळलं. म्हणून तर तीनदा झाडली. नुसता केर काढायचा असता तर एकदा झाडून मोकळा झाला असता.’

तीनदा आणि चारदा हे आकडे आम्ही वाचले होते. ते तिथं का आहेत हे आम्ही विचारलंच नव्हतं. घरात रोज दोन वेळा केर काढणाऱ्या बाईला ते आकडे बोलले. शाळेत त्या उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले, ‘नीडेड स्वीपिंग’ला. मी ते आईला सांगितलं नाही. त्या दिवशी गुण आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे मला पहिल्यांदा टोचलं, आणि पुढं तेहतीस वर्षं शिकवताना ते टोचणं मी जपून ठेवलं.

‘मग घेतलं का त्याला?’ आईनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. अनसीन पॅसेजचं हेच दुःख. कुणाच्या तरी आयुष्यातून वीस ओळी कापून आणलेल्या. माणूस दारात उभा, हातात झाडू, आणि खाली पाच प्रश्न. आईला असल्या बऱ्याच माणसांचं पुढं काय झालं ते कळलं नाही. जहाज सोडलेल्या खलाशांचं नाही, झाडाखाली झोपलेल्या वाटसरूचंही नाही. पण हा मुलगा तिच्या मनातून गेला नाही. एखाद्या संध्याकाळी मध्येच विचारायची, ‘त्या झाडणाऱ्या मुलाचं कळलं का गं काही?’

कळलं ते १९७७ साली. मी पुण्यात बीएला होते. कॉलेजच्या लायब्ररीत आत्मचरित्रांच्या कपाटातून सहज एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं, चाळलं, आणि तीनदा झाडलेली ती खोली समोर आली. बुकर टी. वॉशिंग्टन, ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’, १९०१ साली छापलेलं. गुलामगिरीत जन्मलेला मुलगा. १८७२ साली वेस्ट व्हर्जिनियातून सुमारे पाचशे मैलांवरच्या हॅम्प्टनच्या शाळेला निघाला होता. वाटेत रिचमंडमध्ये लाकडी फूटपाथच्या खाली झोपला, जहाजावरचा माल उतरवून खायची सोय केली, आणि हॅम्प्टनला पोचला तेव्हा खिशात पन्नास सेंट होते. पुढं १८८१ साली त्यानंच टस्किगीला शाळा काढली.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते पुस्तक घेऊन कऱ्हाडला आले. ताई माहेरपणाला आली होती, दादाही नोकरीच्या गावाहून आलेला. आतेभाऊ, धाकटा, सगळे होते. आता घरात साठाचा बल्ब होता, सतरंजी तीच. आई उंबऱ्याला टेकून चिवड्याचे शेंगदाणे निवडत होती. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. बाई खोलीत आल्या. जमीन पाहिली, कपाटं पाहिली. मग स्वतःचा रुमाल काढला आणि भिंतीच्या लाकडावरून, टेबलावरून, बाकांवरून फिरवला. रुमालाला धुळीचा कणही लागला नाही. त्याला शाळेत घेतलं, आणि खर्च भागावा म्हणून तिथंच खोल्यांच्या राखणीचं, झाडलोटीचं काम दिलं.

‘घेतलं,’ आई म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले आणि थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, ‘पण इतकं नेटकं काम आपलं आपण येत नाही. कुठं शिकला असेल तो? कुणाच्या घरी कामाला होता का?’

मी दादाकडं पाहिलं, दादानं ताईकडं. मी तर मधलंच पान उघडून वाचत सुटले होते. ताईनं हात पुढं केला, पुस्तक माझ्याकडून घेतलं आणि मागची पानं उलटायला लागली. थोड्या वेळानं तिनं बोट ठेवलं. मिसेस रफनर नावाच्या बाईंकडे तो आधी कामाला होता, आणि त्या बाई स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक होत्या.

‘वाच,’ आई म्हणाली. ‘पहिल्यापासून वाच.’